पक्षाघातानंतर आईला घरीच ठेवायचं आहे: घर, माणसं आणि सामान यांची तयारी कशी करावी?

निळाई

आई, वय ७४. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी झाल्याने डावा हात पूर्ण आणि डावा पाय बराचसा लुळा आहे. बोलणं स्पष्ट आहे, समजतंही सगळं. पण डावीकडे ठेवलेल्या वस्तूकडे तिचं लक्षच जात नाही. पाणी-चहा घेताना ठसका लागतो. टेकून बसते, दोघांनी धरलं तर मिनिटभर उभी राहते. लघवीची नळी काढली आहे. साधारण ८-१० दिवसांत घरी सोडतील.

घर पुण्यात, दुसरा मजला, लिफ्ट आहे. घरात बाबा (७९, गुडघे अधू), मी आणि धाकटा भाऊ. आम्ही दोघंही नोकरीला. बहीण कॅनडात, ती खर्चाचा वाटा उचलते आहे. आईला घरीच राहायचं आहे आणि आमचंही तेच ठरलं आहे.

शुश्रूषेला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून २४ तासांची बाई ठेवावी की नर्स? पलंग, एअर बेड (पंपाने हवा भरली जाणारी फुग्यांची गादी), खुर्ची हे विकत घ्यावं की भाड्याने? बाथरूममध्ये काय बदलावं लागेल? सरकारी मदत काही मिळते का? कशाच्या आधी काय करायचं हेच कळत नाहीये, म्हणून इथे विचारते आहे.

---

कोरांटी

मी ऑक्युपेशनल थेरपीत काम करते, म्हणून घर आणि उठण्या-बसण्यापुरतं लिहिते. माणसं ठेवण्याबद्दल जाणकार लिहितीलच.

सामानाची यादी आत्ता करू नका. आधी मोजपट्टी घ्या आणि पाच मापं लिहून काढा: बेडरूमच्या दाराची मोकळी रुंदी (दार पूर्ण उघडल्यावर चौकट ते दाराचं पान, नुसती चौकट नव्हे), बाथरूमच्या दाराची तशीच रुंदी, उंबरठ्याची उंची, कमोडची सीटसकट आणि सीटशिवाय उंची, आणि लिफ्टची आतली लांबी, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत. सहावं माप आईंचं: बसलेल्या असताना गुडघ्यामागच्या खाचेपासून टाचेपर्यंत. ही मापं हातात नसताना दुकानात गेलात की दुकानदार त्याच्याकडे जे आहे ते देतो.

पलंगाबद्दल. सगळे जण पहिल्याच दिवशी हॉस्पिटलचा फाउलर पलंग (डोक्याकडची आणि पायांकडची बाजू उचलता येणारा) आणतात. त्याचा सांगाडा मुळात उंच, वर चार इंची गादी, त्यावर एअर बेड. एवढं झालं की बुटक्या माणसाचे पाय जमिनीला टेकतच नाहीत. पाय टेकत नसतील तर उभं राहण्याचा सराव होत नाही आणि कडेवरून घसरून पडण्याची भीती राहते. बसल्यावर गादी दबते. दबलेल्या गादीची उंची आईंच्या गुडघ्याच्या मापाएवढी किंवा फार तर २-३ सेंमी जास्त हवी. कमी-जास्त उंची करता येणारा पलंग भाड्याने मिळाला तर उत्तम. नाहीतर घरचा भक्कम दिवाण, त्याला उजव्या बाजूला धरायला दांडा, आणि पाठीला उतरता लाकडी टेकू हेही चालतं.

पलंग कसा लावायचा हे डाव्या-उजव्यावर ठरतं. आईंची चांगली बाजू उजवी, म्हणून उतरायची बाजू उजवी. तिकडे किमान तीन फूट मोकळी जागा ठेवा. डावी बाजू भिंतीला अगदी चिकटवू नका, कूस बदलायला माणूस उभा राहील एवढी फट हवी. घंटी, चष्मा, रुमाल उजव्या हाताशी. पण बोलताना, जेवू घालताना, टीव्ही लावताना डावीकडून सुरुवात करा, म्हणजे मान आणि लक्ष तिकडे वळायची सवय लागेल.

आता या धाग्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मेंदूच्या उजव्या बाजूच्या आघातात डावीकडचं भान जातं, तसंच स्वतःच्या ताकदीचा अंदाजही चुकतो. त्या छान बोलतात, म्हणून घरच्यांना वाटतं की त्यांना कळतंय. आणि त्या मनापासून म्हणतात, “मी उठते, मला जमेल.” यात हट्ट नाही, आजाराचाच भाग आहे तो. पहिले दोन महिने त्यांना पलंगाच्या कडेला किंवा कमोडवर एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, “आलेच हं” म्हणूनसुद्धा.

पलंगावरून खुर्चीत घेण्याची पद्धत: खुर्ची उजव्या बाजूला, पलंगाशी तिरपी, साधारण ३० ते ४५ अंशांत. दोन्ही ब्रेक लावा, पायपट्ट्या वर. आईंना कडेपर्यंत पुढे सरकवा, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. कमरेला रुंद सुती पट्टा बांधून तो धरा. तुमचा गुडघा त्यांच्या डाव्या गुडघ्यासमोर लावून तो वाकू देऊ नका. “नाक पुढे, गुडघ्यांच्या पुढे” असं सांगत वाकवा, वजन पायांवर आलं की मग उभं करा, उजवीकडे वळवा, खुर्ची पोटऱ्यांना लागली की बसवा. बगलेत हात घालून उचलू नका. लुळ्या हाताला धरून तर कधीच ओढू नका. डाव्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा निसटतो, आणि तो दुखायला लागला की पुढचे कित्येक महिने व्यायाम होत नाही. बसताना डावा हात उशीवर किंवा मांडीवरच्या फळीवर, झोपताना उशीवर. लोंबकळता नको.

हे वाचून येत नाही. डिस्चार्जच्या आधीचे तीन दिवस घरात जे कोणी प्रत्यक्ष करणार आहे त्याला वॉर्डात बोलवा आणि फिजिओथेरपिस्टसमोर किमान पाच-सहा वेळा करून घ्या. बाबांना यात धरू नका. गुडघे अधू असलेल्या माणसाने उचलायला जाणं म्हणजे घरात दुसरा रुग्ण.

---

अडुळसा

कोरांटी यांनी उत्तम लिहिलंय. मी घरगुती शुश्रूषेसाठी मुली तयार करण्याच्या कामात आहे, त्यामुळे “बाई की नर्स” यावर सविस्तर.

आधी एका कागदावर २४ तास आखा. सकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी ६, तासातासाने कोणतं काम आणि ते कोण करणार. औषध, तोंड धुणं, कमोडवर नेणं, अंघोळ, नाश्ता, व्यायाम, कूस, जेवण, झोप, पुन्हा कमोड. मग कामांपुढे खूण करा: हे घरचं माणूस करेल, हे आया करेल, हे नर्सलाच जमेल. तुमच्या वर्णनावरून नर्सचं रोजचं काम दिसत नाही. नळी नाही, इंजेक्शन नाही, जखम नाही. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी) टाकावी लागली, बेडसोर (एकाच जागी दाब पडून होणारी जखम) झाला किंवा लघवीची नळी परत घालावी लागली तर नर्सला ठरावीक भेटीपुरती बोलवा. अंघोळ, डायपर, भरवणं, फिरवणं यासाठी शिकलेली आया किंवा जीडीए (जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे प्रशिक्षित मदतनीस) पुरते. ब्युरोवाले कित्येकदा आयाला “सिस्टर” म्हणून पाठवतात आणि दर नर्सचा लावतात. नर्स असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतोच, तो मागा.

२४ तासांची एकच बाई हा हिशोब फक्त रात्र शांत असेल तरच बसतो. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, मध्ये एक-दोनदा कमोड, आणि दिवसभर पुन्हा तीच बाई, असं आठवडाभरही कुणी टिकत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी ती रात्री गाढ झोपते आणि सातव्या दिवशी न सांगता जाते. मग घरचे म्हणतात, माणसं चांगली मिळत नाहीत. पहिला दीड-दोन महिना १२ तासांच्या दोन पाळ्या ठेवा, किंवा दिवसाची बाई आणि रात्री तुम्ही दोघं भावंडं आळीपाळीने. रात्री शांत जाऊ लागल्या की मग २४ तासांच्या बाईचा विचार करा, आणि तिला सलग सहा-सात तास झोप, वेगळं अंथरूण, आठवड्याची सुट्टी हे आधीच ठरवा.

ब्युरोशी बोलताना हे लेखी घ्या: दर रोजावर की महिन्यावर, सुट्टीचा पैसा कापणार का, बदली माणूस किती तासांत, आगाऊ रक्कम परत कधी आणि कशी, बाईच्या हातात नक्की किती पडतात. शेवटचा प्रश्न अवघडल्यासारखा वाटतो, पण विचाराच. हातात फार कमी पडत असतील तर ती बाई महिनाभरात दुसरीकडे जाणार. ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणी ब्युरोने करून द्यायची की तुम्ही, तेही स्पष्ट हवं. जेवण तुमच्याकडे की डबा, हे पहिल्या दिवशी बोलून घ्या. निम्मी भांडणं चहा-जेवणावरून होतात. आणि तिने रुग्णाचं करायचं. घरची भांडी, केर, सगळ्यांच्या पोळ्या तिच्यावर ढकलू नका. तेवढा वेळ आईंच्या वाट्याचा जातो.

गणपती, दिवाळी आणि मे महिना ध्यानात ठेवा. बायका गावी जातात, ब्युरोकडे बदली नसते. तुमची रजा त्या दिवसांसाठी राखा.

एक जाड वही पलंगाशी: वेळ, काय खाल्लं, किती प्यायलं (मिलिलिटरमध्ये), लघवी, शौच, कूस, औषध, रक्तदाब. पाळी बदलताना दोघींनी १५ मिनिटं एकत्र थांबून वही वाचायची. डॉक्टरला फोन करताना “बहुतेक सकाळपासून लघवी झाली नाही” आणि “सकाळी सातनंतर झालेली नाही” यात फार फरक पडतो.

आता ठसका. याला हलकं घेऊ नका. अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेलेला घोट न्यूमोनिया करतो, आणि पक्षाघातानंतर रुग्ण परत भरती होण्याचं ते एक मोठं कारण आहे. डिस्चार्जपूर्वी स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या आणि काय किती दाट द्यायचं ते लिहून घ्या. आपल्या जेवणात धोका कुठे असतो ते सांगते. पातळ आमटी आणि भात एकत्र: पाणी आधी घशात उतरतं, शितं मागे राहतात. कोरडे पोहे, चिवडा, शेंगदाण्याचं कूट: कण उडतात. साबुदाण्याची खिचडी: चिकटते. चहात बुडवलेलं बिस्किट मऊ दिसतं, पण तोंडात पाणी आणि लगदा वेगळे होतात. त्यापेक्षा नाचणीची दाट पेज, मिक्सरमधून काढलेली एकजीव मऊ खिचडी, घट्ट दही, उकडून कुस्करलेला भोपळा. पाणी किती दाट करायचं आणि त्यासाठी कोणती पावडर किती घालायची, ते तपासणी करणारी व्यक्तीच ठरवेल.

बसवून, पाठ सरळ, छोटा चमचा, घास तोंडाच्या उजव्या भागात. एक घास गिळला हे बघूनच दुसरा. जेवण झाल्यावर डाव्या गालात अन्न साठलेलं असतं आणि त्यांना ते कळत नाही. बघून काढा, ओल्या कापसाने तोंड साफ करा. नंतर अर्धा तास आडवं करू नका. जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर झाला, गुळगुळ ऐकू आली तर ठसका न लागताही आत गेलेलं असू शकतं. गोळ्या सरसकट कुटून देऊ नका. लांबणीवर काम करणाऱ्या आणि आतड्यात विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात. यादी घेऊन औषधाच्या दुकानात फार्मासिस्टला विचारा.

---

निळाई

दोघांचेही मनापासून आभार. लगेच मापं घेतली. बेडरूमचं दार ठीक आहे. बाथरूमचं २६ इंच, उंबरठा २ इंच. कमोड सीटसकट १७ इंच, सीटशिवाय १६. कमोडच्या उजवीकडे भिंत आहे, पण इमारत नवी आहे, भिंती हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या. दार आत उघडतं. एअर बेड घ्यायचा का, यावर मात्र दोन डॉक्टरांनी दोन मतं दिली.

---

कोरांटी

२६ इंच म्हणजे ६६ सेंमी. नेहमीची चाकाची खुर्ची बाहेरून बाहेर ६२ ते ६५ सेंमी भरते. कागदावर जाते, प्रत्यक्षात हाताची बोटं चौकटीला सोलवटतात. तुम्हाला चाकांची कमोड खुर्ची (सीटला मधे भोक आणि खाली काढता येणारं भांडं असलेली) घ्यावी लागेल, बाहेरून रुंदी ५५ सेंमीच्या आसपास. पलंगावरून तिच्यात बसवायचं, तशीच ढकलत न्यायची आणि भांडं काढून सरळ कमोडवर सरकवायची. कमोडची सीट उचलून ठेवा. तुमचं सीटशिवायचं माप १६ इंच आहे, तर खुर्चीच्या खालच्या आडव्या पट्टीची जमिनीपासूनची उंची त्याहून जास्त हवी. दुकानात हे माप टेपने स्वतः घ्या. दुकानात परत करावी लागलेली कमोड खुर्ची बहुतेक याच मापामुळे परत गेलेली असते. त्याच खुर्चीत अंघोळही होते, म्हणजे बाथरूममधलं एक उठवणं-बसवणं वाचलं. लोखंडाला मुलामा दिलेली घेऊ नका, ओलाव्यात लवकर गंजते आणि चाकं अडकतात. अॅल्युमिनियम किंवा स्टेनलेस. चारही चाकांना नाही, तरी किमान दोन चाकांना ब्रेक.

दार: बिजागऱ्या फिरवून बाहेर उघडतं करा, किंवा पान काढून जाड पडदा लावा. पान ठेवलंत तर आतली कडी काढून टाका. आत पडलेला माणूस दाराला टेकून पडतो आणि आत उघडणारं दार मग ढकलता येत नाही.

उंबरठा: उताराचं प्रमाण १ ला १२. दोन इंचाला २४ इंच लांबीचा उतार लागतो. सुताराकडून प्लायचा करून घेऊन वर खडबडीत पट्टी लावा. लोक जागा वाचवायला सहा इंचात उतार करतात, मग पुढची छोटी चाकं अडकून खुर्ची पुढे कलंडते. आईंना उलटं, पाठमोरं आत न्यावं म्हणजे मोठी चाकं आधी चढतील, हे मोठ्या चाकांच्या खुर्चीला लागू. कमोड खुर्चीची चारही चाकं छोटीच असतात, तिला उतारच हवा.

ग्रॅब बार (भिंतीतला धरायचा दांडा): ३२ ते ३८ मिमी जाडीचा, भिंतीपासून चार सेंमी सुटा, जमिनीपासून साधारण ७० सेंमीवर आडवा. तुमच्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या दिसतात. त्यात साधा प्लास्टिकचा गिट्टा आणि स्क्रू लावला की पहिल्या जोराच्या ओढीला भुग्यासकट बाहेर येतो. भिंतीच्या पलीकडे जाता येत असेल तर आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी. नसेल तर एएसी ब्लॉकसाठीचाच केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का बसवलेला बोल्ट). लावणाऱ्याला त्याची माहिती नसेल तर बारचा नाद सोडा आणि जमिनीत बसणारी, कमोडच्या दोन्ही बाजूंची चौकट घ्या. लावून पूर्ण सुकल्यावर भावाने पूर्ण वजनाने लोंबकळून बघायचं. व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे आणि टॉवेल रॉड वजन घेण्यासाठी नाहीत.

एअर बेडबद्दल माझं मत: आत्ताच नको. ज्या बाईला आधाराने बसता येतं आणि उजव्या पायाने ढकलून थोडं सरकता येतं, तिला हवेच्या फुग्यांवर ठेवलं की ढकलायला टेकूच मिळत नाही, आणि कडेला बसवताना गादी दबून घसरायला होतं. चांगल्या घनतेच्या फोमची गादी आणि नेमाने कूस.

---

अडुळसा

इथे मी थोडी वेगळी. कोरांटींचं म्हणणं दिवसापुरतं अगदी बरोबर आहे. पण कूस नेमाने बदलली जाईल याची खात्री पहिल्या महिन्यात कुणालाच देता येत नाही, विशेषतः रात्री. कंबरेच्या खालच्या हाडावर, टाचेवर किंवा कुल्ह्याच्या बाजूला लाली दिसू लागली तर वाद न घालता एअर बेड भाड्याने आणा. लाली बघायची रीत: बोटाने दोन-तीन सेकंद दाबा. दाबल्यावर पांढरं होऊन परत लाल झालं तर अजून वेळ आहे. लालच राहिलं तर बेडसोरची सुरुवात झाली आहे. त्या बाजूवर झोपवणं त्याच क्षणी बंद. गव्हाळ-सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा जांभळट लागतं का ते हाताने बघा. त्या जागी तेल चोळू नका, खालचं नाजूक झालेलं मांस त्याने आणखी फाटतं. मधे भोक असलेली गोल रबरी उशीही नको, कडांवर दाब येऊन मधला रक्तपुरवठा तुटतो.

एअर बेड आणलात तर: मूळ गादी काढू नका, तिच्यावर घाला. वीज गेली तर निदान गादी राहते. पंपाला फार थोडी वीज लागते, घरच्या इन्व्हर्टरवर चालतो. दाब रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावायचा, मग आई झोपलेल्या असताना एअर बेडच्या खाली कमरेच्या जागी हात घालून बघायचा. हाताला हाड लागलं तर हवा कमी आहे, इंचभर फुगवटा जाणवायला हवा. वर एकच सुती चादर, ढिली. रेक्झिन, दुपटं, गोधडी असे थर घातले की एअर बेडचा उपयोग संपला.

कूस: डावी, पाठ, उजवी, दर दोन तासांनी. पूर्ण ९० अंशांत कुशीवर नको, पाठीमागे उशी लावून ३० अंश तिरपं. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. डोकं ३० अंशांपेक्षा वर फक्त जेवण्यापुरतं आणि त्यानंतरचा अर्धा तास. एरवी शरीर खाली घसरतं आणि कातडी घासून निघते. खुर्चीत बसवल्यावरही दर १५-२० मिनिटांनी वजन थोडं सरकवा. हे कुणीच करत नाही, म्हणून बसणाऱ्या रुग्णांनाही बेडसोर होतात.

डायपर: नळी निघाली आहे ना, मग दिवसा डायपर लावूच नका. दर दोन तासांनी कमोडवर बसवा, झाली नाही तरी बसवा. बहुतेकांना तीन-चार आठवड्यांत ठरावीक वेळी होण्याची सवय लागते. रात्रीपुरता डायपर, भिजला की लगेच बदल, पावडर नाही, झिंक ऑक्साइडचं मलम पातळ थरात.

---

बोरघाट

मी स्वतः चाकाच्या खुर्चीत असतो आणि मदतनीस ठेवतो, त्या बाजूने थोडंसं.

वरच्या सगळ्या प्रतिसादांत आईंबद्दल बोलणं झालं, आईंना विचारणं राहिलं. अंघोळ सकाळी की संध्याकाळी, साडी की गाऊन, कुणाच्या हातून अंघोळ चालेल, पूजेची वेळ कोणती, पाहुणे किती वाजता, हे त्यांनी ठरवायचं. उचलण्या-बसवण्यात आणि गिळण्यात त्यांच्या “जमेल” वर विसंबू नये हे मान्य, पण बाकीचा दिवस त्यांचाच आहे. बाई निवडताना ती आईंशी बोलते की त्यांच्या डोक्यावरून तुमच्याशी बोलते, एवढं बघा. मला तरी कागदपत्रांपेक्षा यावरून जास्त कळतं.

खोलीत कॅमेरा लावणार असाल तर आईंना आणि बाईला सांगून लावा, आणि अंघोळ-कपड्यांच्या जागी नको.

सामान विकत की भाड्याने: पक्षाघातात पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात जास्त फरक पडतो. आज लागणारी वस्तू तोवर नकोशी होते. पलंग, एअर बेड, मोठी खुर्ची भाड्याने. कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा आणि पुढे लागणारी चार पायांची काठी विकत. महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत संस्था आणि मंडळं “रुग्णोपयोगी साहित्य केंद्र” चालवतात, अनामत ठेवून नाममात्र भाड्याने सामान मिळतं. खुर्ची घेताना बसून दाखवायला सांगा: मांडी आणि बाजूच्या पट्टीत दोन्हीकडे बोटभर जागा, त्याहून जास्त नको. आपल्याकडे सरसकट १८ इंची सीटची खुर्ची देतात, बारीक बाईला ती सैल होते आणि ती लुळ्या बाजूला कलून बसते.

---

पांढरपेशा

सरकारी आणि बँकेच्या कामांबद्दल. अपेक्षा आधीच नीट ठेवा: घरी येणाऱ्या मदतनीसाचा महिन्याचा पगार देणारी सर्वसाधारण सरकारी योजना आपल्याकडे नाही. ७० वर्षांवरील सगळ्यांना उत्पन्नाची अट न ठेवता मिळणारं आयुष्मान कार्ड (ऑक्टोबर २०२४ पासून, वर्षाला ५ लाखांपर्यंत) काढून ठेवाच, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. आया, डायपर, पलंगाचं भाडं त्यात बसत नाही.

साधनांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना: ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत, एकरकमी ३,००० रुपये खात्यावर. दोघं नोकरीला असलेल्या तुमच्या घराला लागू होणार नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला होईल.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र): अर्ज स्वावलंबन पोर्टलवर. पक्षाघातात तपासणी साधारण सहा महिन्यांनी करतात, कारण तोवर सुधारणा होत असते. तोपर्यंत डिस्चार्जचा कागद, स्कॅनचा अहवाल, फिजिओथेरपीच्या नोंदी जपून ठेवा. ४० टक्के किंवा जास्त आलं आणि आई तुमच्यावर अवलंबून असतील, तर जुन्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्क्यांपासून १,२५,०००. प्रत्यक्ष खर्च किती झाला यावर ती रक्कम ठरत नाही. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही.

बँक. हे डिस्चार्जनंतर पहिल्याच आठवड्यात करा. आईंचा उजवा हात चालतो, म्हणजे सही होईल, पण बदललेली दिसेल. शाखेला आधीच कळवा. ज्यांना सहीच करता येत नाही त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे अंगठा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी. ७० वर्षांवरच्या आणि दिव्यांग खातेदारांना घरपोच सेवा द्यावी असंही रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना सांगितलं आहे. शाखेत तोंडी “नाही” म्हणाले तर लेखी अर्ज द्या. कुलमुखत्यारपत्र करायचं तर आत्ताच, आईंचं भान पूर्ण असताना. भान गेल्यावर साधं कुलमुखत्यारपत्र टिकत नाही, हे बऱ्याच घरांत उशिरा कळतं.

पेन्शन असेल तर हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरूनच होतो, किंवा पोस्टमन घरी येऊन करून देतो. मतदानासाठी ८५ वर्षांवरील व्यक्तींना, तसंच ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना १२-डी अर्ज भरून घरून मत देता येतं. तो निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर पाच दिवसांतच भरावा लागतो. ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८.

---

भातखाचर

धागा पुण्याचा आहे, तरी विचारतो. संगमेश्वर तालुक्यात वाडीवर अशीच परिस्थिती आहे. ब्युरो नाही, संडास अंगणाच्या टोकाला आणि भारतीय पद्धतीचा, खोलीत मातीची जमीन. काय करता येईल?

---

अडुळसा

करता येतं. आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टरला आधी भेटा, अंथरुणावरच्या रुग्णाची नोंद करून घ्या म्हणजे रक्तदाब-साखर घरी तपासली जाईल. फिजिओथेरपिस्टला जिल्हा रुग्णालयात एकदाच दाखवा, पण व्यायाम करताना मोबाइलवर चित्रण करून आणा आणि गावातल्या एका मावशींना ते शिकवा. वाडीवर बाळंतिणीची अंघोळ घालणाऱ्या बायका असतात, त्यांना माणूस हाताळायची सवय असते आणि त्या लवकर शिकतात. उचलण्याची आणि भरवण्याची रीत मात्र वरच्यासारखीच, त्यात सूट नाही.

संडास खोलीतच आणा: भांड्याची कमोड खुर्ची, भांडं अंगणात रिकामं करायचं. रात्री अंगण ओलांडून न्यायचं नाही, पावसात तर नाहीच.

---

कोरांटी

पलंग बुटका असेल तर पायांखाली विटा रचू नका, सरकतात. चार लाकडी ठोकळे घ्या, प्रत्येकात पाय बसेल असा इंच-दीड इंच खड्डा करून. पायथ्याला सुती दोर बांधा, त्याला वीतभर अंतरावर गाठी मारा. चांगल्या हाताने गाठ धरत माणूस स्वतः उठून बसायचा सराव करतो. मातीच्या जमिनीवर छोट्या चाकांची खुर्ची रुतते. तिथे मागे मोठी चाकं असलेलीच घ्या, आणि पलंगापासून दारापर्यंत तीन फूट रुंद कोब्याचा पट्टा करून घेतलात तर खुर्ची ढकलायला एक माणूस पुरेल.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखावा लागतो. प्रमाणपत्र हातात आलं की कमोड खुर्ची किंवा त्या कोब्यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

---

निळाई

उद्या कमोड खुर्चीचं माप घेऊन दुकानात जाते आहे, दाराच्या बिजागऱ्यांसाठी सुतार शनिवारी येतोय. अंघोळीचं आईला विचारलं. म्हणाली, सकाळी साडेसात, आणि आधी चहा. चहा किती दाट करून द्यायचा ते सोमवारी स्पीच थेरपिस्ट सांगणार आहेत.